‘कळ्यांचे निःश्वास’ : एका कथासंग्रहाचा अभ्यास



काही पुस्तके वाचकाला दूर देशी घेऊन जातात. त्यांत समुद्रावरील वादळे असतात, राजवाडे असतात, लढाया असतात. पुस्तक मिटले म्हणजे मोठ्या प्रवासाहून परत आल्यासारखे वाटते. दुसरी काही पुस्तके आपणांस कोठेच नेत नाहीत. ती आपल्याच घराच्या माजघरात आपणांस उभे करतात आणि जी माणसे आपण रोज पाहतो, त्यांच्याकडे पुन्हा एकवार पाहावयास लावतात. अशी पुस्तके वाचणे दिसते तितके सोपे नाही. परक्या राजकन्येच्या दुःखाने आपले डोळे भरून येतात. परंतु सख्ख्या बहिणीच्या कपाळावरची आठी मात्र दिवसचे दिवस आपल्या ध्यानात येत नाही.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांपैकी एकाचा परिचय आज करून घ्यावयाचा आहे. ते पुस्तक म्हणजे विभावरी शिरूरकर ह्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह होय. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यास आता नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही त्यात विचारलेले प्रश्न आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या आणि अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून अजून संपलेले नाहीत. म्हणून हा लेख जसा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे, तसाच तो त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. ह्या पुस्तकातील प्रश्न मुलांनी एकट्याने सोडविण्याजोगे नाहीत; ते घरातील सर्वांनी एकत्र बसून बोलण्याचे आहेत.

१. लेखिका आणि तिचा काळ

‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव होय. लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे. त्यांचा जन्म १९०५ साली झाला. पुणे जिल्ह्यातील घोडनदी, म्हणजेच शिरूर, हे त्यांचे गाव. ‘शिरूरकर’ हे आडनाव त्या गावाची आठवण देते, आणि ‘विभावरी’ म्हणजे रात्र. आपला चेहरा न दाखविता बोलू इच्छिणाऱ्या स्त्रीने रात्रीचे नाव घ्यावे, हे अर्थपूर्ण आहे. त्यांचे वडील शिक्षक होते आणि मुलींना शिकविणे हा लोकनिंदेचा विषय असतानाही त्यांनी आपल्या मुलींना शिकविले. बाळूताईंचे पुढील शिक्षण महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत झाले. कर्वे ह्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले. त्याच विद्यापीठाचा मोठा परिसर आज आपल्या उपनगरांत जुहूस आहे, आणि आपल्या वाचकांपैकी काहींच्या ताई तेथे शिकतही असतील. शिक्षण संपल्यावर बाळूताईंनी शिक्षिकेचा व्यवसाय पत्करला. १९३८ साली त्यांचा विवाह ‘रणांगण’ ह्या कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर ह्यांच्याशी झाला आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. २००१ साली, वयाची नव्वदी उलटून गेल्यावर, त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेवावी. कथासंग्रह निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ साली, ‘हिंदुव्यवहारधर्मशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या त्या सहलेखिका होत्या. म्हणजे स्त्रीला कायद्याने काय मिळते आणि काय मिळत नाही, ह्याचा अभ्यास करून मग त्यांनी कथा लिहिल्या. ‘निःश्वास’ ह्या शब्दावरून हे पुस्तक केवळ भावनेच्या भरात लिहिलेले असावे असा कोणाचा ग्रह झाल्यास तो चुकीचा आहे.

आता काळाकडे पाहू. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली आणि पुण्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी काढली. तेव्हापासून शंभर वर्षांत मुली शाळेत जाऊ लागल्या, पुढे कॉलेजात गेल्या आणि अखेर स्वतः शिक्षिका, परिचारिका व डॉक्टर झाल्या. इकडे लग्नाचे वयही वाढले. १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. परंतु शिकणाऱ्या मुली त्याही वयाच्या पुष्कळ पुढे जाऊ लागल्या होत्या. पूर्वी दहाव्या-बाराव्या वर्षी मुलीचे लग्न होऊन जाई. तिचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मत तयार होण्यापूर्वीच सारे उरकलेले असे. आता पंचवीस वर्षांची, पदवी घेतलेली, स्वतः मिळविणारी आणि अविवाहित अशी स्त्री महाराष्ट्राच्या मध्यम वर्गात प्रथमच दिसू लागली. तिच्याशी कसे वागावे हे समाजाला ठाऊक नव्हते, आणि स्वतःशी कसे वागावे हे तिलाही कोणी शिकविले नव्हते.

२. कळ्या कोण, आणि निःश्वास कशाचा?

हीच स्त्री ह्या कथासंग्रहाची नायिका होय. कळी म्हणजे न उमललेले फूल. झाड निरोगी आहे, पाणी मिळाले आहे, तरीही कळी उमलत नाही. तेव्हा तिच्या सभोवतालच्या हवेत काहीतरी उणे असले पाहिजे. कथांतील मुली शिकलेल्या आहेत. त्यांना कोणी कोंडून ठेवलेले नाही आणि त्या उपाशीही नाहीत. तरीसुद्धा त्यांचे मन गुदमरते.

ह्या गुदमरण्याची कारणे कथांतून एकेक उलगडत जातात. लग्नाच्या बाजारात मुलीची विद्या जमेस धरली जात नाही; तेथे रंग, वय आणि हुंडा ह्यांचाच भाव होतो. जे तरुण सभेत स्त्रीशिक्षणावर टाळ्या घेतात तेच स्वतःसाठी मुलगी पाहावयास निघाले म्हणजे लहान वयाची, थोडेच शिकलेली, मान खाली घालणारी वधू पसंत करतात. घरच्या माणसांचे प्रेम असते, पण त्या प्रेमात भीती मिसळलेली असते. आणि मुलीच्या मनात स्नेहाची, सहवासाची, स्वतःच्या घराची जी इच्छा असते ती बोलून दाखविणे हेच मुळी निर्लज्जपणाचे मानले जाते. पुरुषाने हीच इच्छा बोलून दाखविली तर त्याचे काव्य होते. स्त्रीने ती बोलली तर तिची निंदा होते. लेखिकेने ही इच्छा सरळ शब्दांत लिहिली. हेच तिचे साहस होय.

३. पूर्वीच्या कथांहून ही कथा वेगळी कशी?

स्त्रियांची दुःखे मराठीत पूर्वी कोणी लिहिली नव्हती असे नाही. ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना खडे सवाल विचारले. काशीबाई कानिटकर ह्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. हरि नारायण आपटे ह्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९३ साली पुस्तकरूपाने निघाली. तीत यमू नावाची मुलगी स्वतःची कहाणी स्वतः सांगते आणि ती वाचून आजही मन कळवळते. आनंदीबाई शिर्के ह्यांच्यासारख्या लेखिकाही विसाव्या शतकाच्या आरंभापासून कथा लिहीत होत्या. १९३० साली किर्लोस्कर मंडळींनी ‘स्त्री’ हे मासिक सुरू केले आणि स्त्रियांच्या लेखणीला हक्काची जागा मिळाली.

मग नवे काय घडले? हरिभाऊंची कादंबरी आणि हा कथासंग्रह शेजारी शेजारी ठेवून पाहा म्हणजे ते ध्यानात येईल. यमूच्या कहाणीत शंकरमामंजी आहेत. ते ढोंगी आहेत, क्रूर आहेत. वाचकाने कोणावर रागवावे हे तेथे ठरलेले आहे. विधवेचे केशवपन, सासुरवास, बालविवाह हे जुलूम बाहेरून दिसतात, बोटाने दाखविता येतात. ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये असा शंकरमामंजी बहुधा सापडत नाही. येथील बाप मुलीला शिकविणारा आहे, आई मायाळू आहे, भाऊ सुशिक्षित आहे. कोणी कोणाला मारीत नाही. तरीही शेवटी एका माणसाचे आयुष्य खर्ची पडते. वाचकाला रागवावयाचे असते, परंतु कोणावर रागवावे हे कळत नाही. आणि थोडा वेळ विचार केल्यावर त्याला शंका येऊ लागते की आपण स्वतः ह्या घरात असतो तर आपणही असेच वागलो असतो. जुलमाची गोष्ट सांगणे त्या मानाने सोपे आहे. प्रेमाच्या माणसांनी न कळत केलेल्या अन्यायाची गोष्ट सांगणे अवघड. माणसामाणसांमधील नाती गुंतागुंतीची असतात असे आपण सहज म्हणतो, पण ती गुंतागुंत ह्या कथांत खरोखर पाहावयास मिळते.

४. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’

ह्या संग्रहातील हे एका कथेचे नाव. नावातच कथेचा सारा प्रश्न आहे. मुलगी मिळवती झाली आहे. तिच्या मिळकतीवर वडिलांचा संसार चालतो. तो संसार चालावा म्हणून तिच्या लग्नाचा विषय मागे पडत जातो. घर तिच्या पैशाने चालते, पण ते तिचे होत नाही.

ही कथा नीट समजण्यासाठी आपण स्वतः एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, त्या काळच्या एका घरात वडिलांचे निवृत्तिवेतन तीस रुपये आहे आणि शिक्षिका असलेल्या थोरल्या मुलीचा पगार पन्नास रुपये. दोन धाकटे भाऊ शाळेत आहेत, एक बहीण उपवर होत आली आहे, आईची प्रकृती बरी नसते. आता ह्या घरातील प्रत्येकाच्या जागी क्षणभर उभे राहा. वडील म्हणतात, “मी हिला शिकविली, लोकांची बोलणी खाल्ली, आता चार वर्षे हिने घरास हातभार लावला तर काय बिघडले? धाकटा हाताशी आला की हिचे पाहूच.” आई म्हणते, “पोरीवाचून माझे पान हलत नाही.” भाऊ म्हणतो, “ताईने फी भरली नाही तर माझे शिक्षण थांबेल.” आणि मुलगी स्वतः काय म्हणते? ती म्हणते, “मी निघून गेले तर ह्यांचे कसे होईल?” चौघांच्याही बोलण्यात लबाडी नाही. चार वर्षांची सहा होतात, सहाची दहा होतात. एक दिवस धाकटा भाऊ खरोखरच हाताशी येतो, त्याचे लग्न होते, आणि घराच्या किल्ल्या वहिनीच्या कमरेला लागतात. ते योग्यच असते, कारण तो संसार आता भावाचा असतो. मग जिने दहा वर्षे तो चालविला तिचे त्यात काय उरते?

येथे एक अभ्यासाची रीत सांगतो. अशी कथा वाचताना ‘ह्यात वाईट कोण?’ असे विचारू नये. तसे विचारले की आपण लगेच बापाला दोषी ठरवितो आणि पुस्तक मिटून मोकळे होतो. त्याऐवजी ‘ह्यात किंमत कोणी मोजली, आणि मोजताना तिला कोणी विचारले होते काय?’ असा प्रश्न करावा. घरोघरी त्याग होतच असतो आणि त्यावाचून कुटुंबे टिकत नाहीत. परंतु जो त्याग न विचारता, न बोलता, दरवेळी त्याच एका माणसाकडून घेतला जातो, त्यास त्याग म्हणणे कितपत योग्य आहे? देणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक असेल तरच दानाला दान म्हणता येते.

आणखी एक प्रश्न ह्या शीर्षकातून निघतो. बाबांचा संसार मुलीचा होत नाही, हे खरे. पण तो आईचा तरी होता काय? शीर्षकात ‘आईबाबांचा संसार’ असे म्हटलेले नाही, इकडे लक्ष द्या. ज्या स्त्रीने त्या घरात सारे आयुष्य काढले तिचे नावही त्या संसाराला लागत नाही. मुलगी स्वतःच्या संसाराची वाट पाहते. तो मिळाल्यावर तोही उद्या कोणाच्या तरी ‘बाबांचा’च ठरणार आहे. लेखिकेने हे स्पष्ट बोलून दाखविले असो वा नसो, विचार करणाऱ्या वाचकाला त्या एका शब्दात ते वाचता येते.

पुढे वीस वर्षांनी, १९५३ साली, ह्याच लेखिकेने ‘खरेमास्तर’ हे पुस्तक लिहिले. ते तिच्या स्वतःच्या वडिलांच्या जीवनावर आधारलेले आहे. मुलींना शिकविण्यासाठी ज्याने समाजाचा रोष पत्करला अशा बापाचे ते चित्र होय. जिने बापाच्या संसारात अडकलेली मुलगी रेखाटली, तिनेच मुलींना वाट मोकळी करून देणारा बापही रेखाटला. दोन्ही पुस्तके एकाच हाताची आहेत हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘ही लेखिका पुरुषांची वैरीण आहे’ हा जो आक्षेप अशा लेखिकांवर नेहमी घेतला जातो त्याचे उत्तर आपोआप मिळते.

५. लोकांनी काय म्हटले?

ह. वि. मोटे ह्यांनी हे पुस्तक प्रकाशित केले आणि महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. अविवाहित मुलीच्या मनातील इच्छा अशा उघडपणे छापाव्यात ह्याचा पुष्कळांना संताप आला. मर्यादा सोडल्याचा आरोप झाला. दुसरीकडे अनेकांना, विशेषतः शिकलेल्या स्त्रियांना, आपल्याच मनातले कोणीतरी बोलले असे वाटले. ही विभावरी कोण, असा शोध सुरू झाला. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही त्यांची कादंबरी आली आणि वाद अधिकच पेटला.

ह्या शोधाविषयी थोडा विचार करण्यासारखा आहे. पुस्तकात सांगितले ते खरे आहे की खोटे, ह्यापेक्षा ते कोणी सांगितले ह्याचीच चौकशी अधिक झाली. हरिभाऊ आपट्यांनी पुरुष असून स्त्रीच्या तोंडून कहाणी सांगितली, त्याचे कौतुक झाले. स्त्रीने स्वतःच्या तोंडून ती सांगितली, तेव्हा तिला नाव लपवावे लागले. शाळेत शिकविणाऱ्या, अविवाहित बाळूताईंनी स्वतःच्या नावाने हे पुस्तक छापले असते तर त्यांना केवढा जाच सोसावा लागला असता, ह्याची कल्पना त्या टोपणनावावरूनच येते. टोपणनाव हा भित्रेपणा असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात खरे बोलणाऱ्याची भाकरी जाऊ शकते तेथे टोपणनावाने का होईना, खरे बोलणारा धीटच म्हटला पाहिजे. ह्याच लेखिकेस १९८१ साली भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. तेव्हा त्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांना कोणत्याच पडद्याची गरज उरली नव्हती.

६. गुणदोष

परीक्षण करावयाचे तर दोषही सांगितले पाहिजेत. ह्या कथांत घटना थोड्या व चिंतन फार. काही ठिकाणी पात्र बोलता बोलता लेखिकाच बोलू लागते आणि कथेचा निबंध होतो. दिवाकर कृष्ण ह्यांच्या ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’ ह्या १९२७ सालच्या संग्रहात जी हळुवार बांधणी आढळते ती येथे सर्वत्र नाही. परंतु गुदमरलेला माणूस जेव्हा प्रथमच बोलावयास लागतो तेव्हा तो मोजूनमापून बोलत नाही, हेही समजून घ्यावे.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. ह्या कळ्या एकाच बागेतील आहेत. पांढरपेशा घरांतील, शहरातील, शिकलेल्या मुलींचीच दुःखे येथे आहेत. वेसावे-मढच्या किनाऱ्यावरून टोपली घेऊन अंधेरी-मालाडच्या बाजारात बसणारी कोळीण, बोरिवलीच्या डोंगरातील पाड्यांवरून लाकडाची मोळी आणणारी वारली स्त्री, गिरणीत पाळी करणारी कामगार बाई ह्यांचे निःश्वास ह्या पुस्तकात ऐकू येत नाहीत. लेखिकेला स्वतःलाही ही मर्यादा जाणवली असावी. सोलापूर येथे, ज्यांना तत्कालीन सरकारने ‘गुन्हेगार जमाती’ असे अन्यायाने ठरविले होते त्या लोकांच्या वसाहतीवर त्यांनी अधिकारी म्हणून काम केले आणि त्या अनुभवातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली.

तिसरी गोष्ट दोष म्हणून नव्हे, तर काळाची खूण म्हणून सांगावयाची. ह्या मुलींना ‘स्वतःचे घर’ म्हणजे नवऱ्याचे घर एवढाच मार्ग दिसतो. मिळवत्या स्त्रीने स्वतःच्या नावावर घर घ्यावे, लग्न न करताही सन्मानाने राहावे, हा विचार तेव्हा फार थोड्यांना सुचत असे.

७. पुढची वाट

एकदा वाट पडली म्हणजे पुढचे प्रवासी येतातच. १९३४ साली कुसुमावती देशपांडे ह्यांचा ‘दीपकळी’ हा संग्रह निघाला. त्याच कुसुमावती १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. त्यानंतर कमल देसाई, विजया राजाध्यक्ष, गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे अशा लेखिकांनी साध्यासुध्या स्त्रीच्या मनातील आणि नात्यांतील आणखी किती तरी कोपरे उजेडात आणले. आणि जी दुसरी बाग पहिल्या पुस्तकात राहून गेली होती तिकडे ऊर्मिला पवार ह्यांच्यासारख्या लेखिका गेल्या. त्यांच्या ‘सहावं बोट’ (१९८८) ह्या संग्रहात दलित स्त्रीचे जग आहे. हे सारे वाचल्यावर ‘कळ्यांचे निःश्वास’ ह्या साखळीतील एक आरंभीचा दुवा म्हणून अधिक चांगले समजते.

कायदाही बदलला. १९५६ साली हिंदू मुलीला वडिलांच्या संपत्तीत वारसा मिळाला. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि सर्व देशात २००५ साली मिळाला. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा ठरले. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ साली अठरा झाले. म्हणजे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ह्या प्रश्नाचे निदान कागदावरचे उत्तर तरी तयार झाले.

८. आपल्या घरात

परंतु कागदावरचे उत्तर घरात आपोआप उतरत नाही. आपल्या उपनगरांकडे पाहा. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची आगगाडी १९२८ साली सुरू झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी हे पुस्तक निघाले. त्या गाड्यांतून शहरात कामाला जाणाऱ्या स्त्रिया पुढे इतक्या वाढल्या की १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र गाडी सोडावी लागली. त्या गाडीच्या डब्यात भाजी निवडीत बसलेली बाई आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती आपली आई, मावशी किंवा ताईच असते. ती कार्यालयात आठ तास काम करते, तीन तास प्रवास करते आणि घरी आल्यावर पदर खोचते. तिच्या पगारातून घराचा हप्ता जातो, धाकट्यांची फी जाते, आजोबांची औषधे येतात. त्या घरातील कोणता निर्णय तिला विचारून होतो?

पालकांना येथे एक नम्र विनंती आहे. आपली मुलगी मिळवती होईल तेव्हा तिच्या पगाराचा विनियोग तिच्याशी बसून ठरवावा. घरास तिची मदत लागत असेल तर ती मागण्यात कमीपणा नाही. पण किती लागेल, किती वर्षे लागेल, आणि तिच्या पुढील शिक्षणाचे, लग्नाचे वा स्वतंत्र घराचे काय, हे त्याच वेळी उघड बोलावे. न बोललेल्या अपेक्षा कर्जासारख्या वाढत जातात आणि त्यांचा हिशेब कोणालाच देता येत नाही. हाच नियम मिळवत्या मुलालाही लागू आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आणि मुलांनो, तुमच्याही वाट्याला काम आहे. ताईने भरलेली फी ही पावसासारखी आपोआप पडत नाही. जो भाऊ लहानपणी ‘हे कोठून आले?’ असे विचारावयास शिकतो, तोच मोठेपणी बहिणीचे देणे ओळखतो.

९. विचारासाठी प्रश्न

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हा संग्रह मिळवून वाचावा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे आपापल्या वहीत लिहून पाहावीत.

(१) संग्रहातील कोणतीही एक कथा घ्या. तीत कोणी किंमत मोजली, आणि तिला कोणी विचारले होते काय?

(२) तीच कथा वडिलांच्या किंवा भावाच्या तोंडून सांगितली असती तर कोणत्या गोष्टी गळून गेल्या असत्या?

(३) १९३३ सालच्या नायिकेला जे मार्ग बंद होते त्यांपैकी आज कोणते खुले आहेत, आणि कोणते केवळ कायद्यात खुले आहेत?

(४) तुमच्या आजीने किंवा आईने जी एखादी इच्छा मागे ठेवली ती कोणती, हे तिला विचारा. उत्तर लगेच मिळाले नाही तर घाई करू नका.

ह्यांतील चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. त्याचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही आणि त्यास गुणही मिळणार नाहीत. पण हा कथासंग्रह वाचून एकाही विद्यार्थ्याने तो प्रश्न घरी प्रेमाने विचारला आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे ऐकून घेतले, तर हे पुस्तक त्याला समजले असे खुशाल मानावे.